चौदा भागांची सिरीज आणि कट्ट्यावरच्या सहाजणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला राहणारी, ऐरोलीला आयटीत नोकरी करणारी एकतिशीतली एक वाचक लिहिते. तिला फँटसी कादंबऱ्यांचं वेड आहे. सोसायटीतल्या सातजणींचा महिन्यातून एकदा क्लबहाउसमध्ये वाचनकट्टा भरतो. सहा-सात महिन्यांपूर्वी तिचा नंबर आला तेव्हा तिने 'व्हील ऑफ टाइम' ही चौदा भागांची सिरीज सुचवली, अर्धा तास भरभरून बोलली, तिघींनी तिच्या शब्दावर पहिला भाग विकत घेतला आणि शंभर पानांपुढे कुणीच गेलं नाही. एकजण तर सगळ्यांसमोर म्हणाली, "मी हे आमच्या मुलालाच देऊन टाकते." घरी सासरे दरवर्षी 'मृत्युंजय' वाचतात आणि हिला म्हणतात, "कसली ही भुताखेतांची पुस्तकं वाचतेस." कॉलेजच्या मैत्रिणीला 'गेम ऑफ थ्रोन्स'चं पहिलं पुस्तक दिलंय, दोन वर्षं झाली, वाचूनही झालं नाही आणि परतही आलं नाही. दुसरीकडे कट्ट्यावर एकीने 'कोसला' सुचवली, हिने ती दीडशे पानांवर सोडली पण सगळ्यांसमोर "छान आहे" म्हणाली आणि ते तिला अजून टोचतंय. पुढच्या महिन्यात परत हिचा नंबर आहे. ती विचारते, सगळ्यांना चालेल असं काहीतरी सेफ सुचवू, का सुचवणंच बंद करू? "आपल्या लोकांना फँटसी झेपतच नाही," असं तिचं मत होत चाललंय.

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण ते एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं कुठलंच पुस्तक तू मोकळ्या मनाने सुचवू शकणार नाहीस. आपल्या लोकांना फँटसी झेपत नाही असं म्हणतेस, पण जरा मागे जाऊन बघ ना. कथासरित्सागरातले वेताळ आणि विद्याधर, आजीकडून ऐकलेल्या राक्षसाचा जीव पोपटात असलेल्या गोष्टी, नाथमाधवांची 'वीरधवल' जी आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी जागून वाचली, नारायण धारपांची पुस्तकं जी वाचनालयात कधी जागेवर सापडायची नाहीत, गौरी देशपांडेंनी मराठीत आणलेले अरेबियन नाइट्सचे खंडच्या खंड, हे सगळं मराठी माणसानेच वाचलंय आणि आवडीने वाचलंय. १९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची तेव्हा तिलिस्म (जादूची भुलभुलैया) आणि ऐयार (वेषांतर करणारे हेर) म्हणजे काय हे घराघरात पोरांना पाठ होतं, आणि ती ज्या हिंदी कादंबरीवरून घेतली ती १८८८ सालची आहे. म्हणजे जादू, शाप, भाकितं, कुठल्याच नकाशात नसलेली राज्यं, हे आपल्याला परकं अजिबात नाहीये.

मग त्या सहाजणींना झेपलं नाही ते नेमकं काय? तू जे पुस्तक त्यांच्या हातात दिलंस ते परत एकदा त्यांच्या बाजूने उघडून बघ. इंग्रजी, बारीक टाइप, आठशेच्या आसपास पानं, सुरुवातीला नकाशा, शेवटी शब्दांची यादी, पहिल्या काही प्रकरणांतच डझनभर गावांची आणि माणसांची नावं जी कुठल्याच ओळखीच्या भाषेतली नाहीत, आणि हे सगळं वाचायचं कधी तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये उभं राहून नाहीतर रात्री अकराला भांडी आवरल्यावर. तू लिहिलंयस की कट्ट्यावरच्या दोघी आजवर मराठीच वाचत आल्यात. त्या दोघींपैकी कुणी सगळ्यांसमोर म्हणेल का, की मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो गं, एकेका पानाला पाच-पाच मिनिटं जातात? नाही म्हणणार. त्यापेक्षा "आम्हाला हे जादूबिदू नाही आवडत" म्हणणं कितीतरी सोपं आहे. मला खरंच वाटतं की त्या दिवशी फँटसी नापास झालीच नाही, तिची कुणी परीक्षाच घेतली नाही.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे की 'पहिले तीन भाग थोडे स्लो आहेत पण चौथ्यापासून जे काही सुरू होतं ना ताई!' आणि त्याच पत्रात दोन पॅरा खाली तू लिहितेस की 'कोसला'ची दीडशे पानं झाली तरी काही घडेचना म्हणून सोडली. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघ. तुझ्या सिरीजचे पहिले तीन भाग म्हणजे दोनेक हजार पानं होतात. ज्या मैत्रिणीची कादंबरी तू दीडशे पानांवर खाली ठेवलीस तिच्याकडून तू दोन हजार पानं थांबायची अपेक्षा धरतेयस. तू दीडशेवर थांबलीस यात काहीच चूक नाही बरं का, माझं म्हणणं एवढंच की तीही शंभरावर थांबली यात काही चूक नाही. तुला जे दोन हजार पानांनंतर मिळालं ते खरं आहे, पण ते तुला मिळालं कारण तुला पहिल्या पन्नास पानांतच ते जग आवडलं होतं, स्लो भागातसुद्धा तुझी मजा चालूच होती. जिला पहिल्या पन्नास पानांत काहीच मिळालं नाही तिच्यासाठी चौथा भाग कधी येणारच नाहीये.

माझ्या मते तुझ्या सगळ्या त्रासाचं मूळ एकाच ठिकाणी आहे. तू मत देणं आणि पुस्तक सुचवणं या दोन गोष्टी एकच समजतेयस. मत हे तुझं असतं, त्यात तू किती पण रंगून बोल, अर्धा तास बोल, डोळ्यात पाणी येईपर्यंत बोल, तिथे समोरच्याचा विचार करायची काही गरज नाही. पण सुचवणं म्हणजे समोरच्या माणसासाठी पुस्तक निवडणं, आणि तिथे सुरुवात तुझ्या आवडीपासून होत नाही, त्या माणसापासून होते. तू कट्ट्यावर मत दिलंस आणि तिघींनी ती शिफारस समजून पैसे खर्च केले.

नौपाड्यातल्या एका जुन्या वाचनालयात काउंटरवर एक काका बसायचे, त्यांचं काम मी लहानपणी तासन् तास बघितलंय. कुणी पुस्तक परत आणलं की ते लगेच रजिस्टरला नोंद करायचे नाहीत. आधी पुस्तक उलटं धरून हळूच हलवायचे, की आतून बसचं तिकीट, लाइटबिलाची घडी, औषधाच्या चिठ्ठीचा तुकडा असं काहीतरी बाहेर यायचं, नाहीतर कुठल्या पानात अडकलेलं दिसायचं. ते चाळिसाव्या पानात असेल तर काका नुसते "हं" करायचे. शेवटच्या पानात असेल तर विचारायचे, "यातलं कोण आवडलं?" काय आवडलं असं नाही, कोण आवडलं. आणि त्या उत्तरावरून मागे वळून पुढचं पुस्तक काढून द्यायचे. शेजारच्या वाड्यातल्या एक काकू फक्त कौटुंबिक कादंबऱ्या न्यायच्या, एकदा त्यांनी उत्तर दिलं की ती गप्प बसणारी थोरली जाऊ आवडली, तर काकांनी त्यांच्या हातात 'बनगरवाडी' ठेवली. जाऊ कुठे आणि माणदेशातली धनगरं कुठे, पण त्या काकूंनी ती वाचली आणि पुढच्या वेळी माडगूळकरांचं अजून काही आहे का विचारत आल्या. काकांना स्वतःला काय आवडायचं हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

तुला एवढं अलिप्त व्हायला मी सांगणार नाही, तुझं वेड हीच तुझी खासियत आहे. पण त्यांच्या पद्धतीवरून दोन प्रश्न घे. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कुठलं, आणि त्यातलं कोण आवडलं? लक्षात घे, आवडतं पुस्तक कुठलं असं विचारायचं नाही, कारण त्याला लोक ठरलेली उत्तरं देतात, जी दहावीपासून देत आलेत तीच. शेवटचं पूर्ण वाचलेलं विचारलं की खरं काय ते कळतं, ते जाड होतं का पातळ, मराठी होतं का इंग्रजी, किती दिवस लागले, का दोन वर्षं काही पूर्णच झालेलं नाहीये. तिसरा एक प्रश्न हवा असेल तर, अर्धवट सोडलेलं कुठलं आणि का. यावर लोक जास्त मोकळं बोलतात असा माझा अनुभव आहे.

तुझ्या मापाने शिवलेला ब्लाऊज मैत्रिणीला बसला नाही तर त्यात ब्लाऊजचा दोष नसतो आणि मैत्रिणीचाही नसतो, एवढं मनाशी धर आणि त्या तिघींवरचा रुसवा सोडून दे.

आणि "मुलाला देऊन टाकते" म्हणाली तिच्याबद्दल. तू ते अपमान म्हणून घेतलंस, आणि सगळ्यांसमोर म्हणाली म्हणून जास्त लागलं, ते कळतंय मला. पण तू पत्रात पुढे काहीच लिहिलं नाहीस, की त्या मुलाने ते वाचलं का? किती मोठा आहे तो? कारण तो जर चौदा-पंधरा वर्षांचा असेल आणि त्याने पहिला भाग संपवून दुसरा कुठाय म्हणून आईचं डोकं खाल्लं असेल, तर तुझी शिफारस वाया गेलेलीच नाही, फक्त दोन मजले वर राहणाऱ्या दुसऱ्याच वाचकाला लागू पडली. विचार तिला एकदा, अगदी साधं विचार. आणि नसेल वाचलं तरी हरकत नाही, निदान ते वाक्य तुझ्या डोक्यात आहे तेवढं कडू नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळेल.

आता पुढच्या महिन्याचं. सेफ काहीतरी सुचवणं हा पर्याय मला पटत नाही, कारण सगळ्यांनीच सेफ खेळायचं ठरवलं की कुठल्याही कट्ट्यावर तीच ती दहा पुस्तकं फिरत राहतात, आणि मग हळूहळू लोक पुस्तकाऐवजी नुसते चहा आणि ढोकळ्यासाठी यायला लागतात. सुचवणं बंद करणं तर त्याहून वाईट, कारण तू वाचायची थांबणार नाहीस, फक्त एकटी पडशील. तिसरा रस्ता असा की तुझ्याच प्रांतातलं सुचव, पण दरवाजा लहान निवड.

माझी पहिली पसंती तुला कदाचित अनपेक्षित वाटेल. जी. ए. कुलकर्णी. त्यांचं 'रमलखुणा' १९७५ साली आलं, त्यात दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. यातली 'इस्किलार' सुचव. कुठल्याच नकाशावर नसलेला प्रदेश, कधीचा ते न सांगितलेला काळ, तिथली माणसं आणि देवळं, आणि माणूस आपल्या नियतीला किती बदलू शकतो हा प्रश्न जो तुझ्या त्या चौदा भागांच्या पण मुळाशी आहे. मराठी आहे, एका शनिवार-रविवारात वाचून होते, आणि 'कोसला' सुचवणाऱ्या मैत्रिणीला जी.एं.चं नाव ऐकून नाक मुरडता येणार नाही. सोपी नाहीये, हे आधीच सांगून टाक. पण कठीण आणि लांब यात फरक आहे, कठीण गोष्टीला लोक दोन दिवस देतात, लांब गोष्टीला दोन महिने देत नाहीत. आणि कट्ट्यावर बसून कुणीतरी म्हणालं की अरे ही पण फँटसीच की, तर तो क्षण तुझा, तिथून पुढे तू काही पण बोल.

ज्या इंग्रजी वाचतात त्यांच्यासाठी अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ सालचं, दोनशेच्या आसपास पानं. बेटांचं जग आहे, गेड नावाचा एक हुशार आणि गर्विष्ठ मुलगा जादू शिकायला जातो, दुसऱ्या मुलाशी चढाओढ करताना नको ती गोष्ट करून बसतो आणि त्यातून एक सावली मोकळी सुटते जी त्याच्या मागे लागते. त्या जगात ज्याला एखाद्याचं खरं नाव माहीत त्याची त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून माणसं आपलं खरं नाव फार फार जवळच्यालाच सांगतात. मला विचारशील तर सहाव्या-सातव्या पानापासूनच आपण त्यात असतो, चौथ्या भागाची वाट बघावी लागत नाही. पुढे अजून पुस्तकं आहेत पण पहिलं स्वतःत पूर्ण होतं, आणि नवख्या वाचकाला सिरीज सुचवताना हे मी सगळ्यात आधी बघते, की पहिल्या भागानंतर कुणी थांबलं तर त्याला काहीतरी पूर्ण मिळालंय ना.

कुणाला विनोदी आवडत असेल तर टेरी प्रॅचेटची 'डिस्कवर्ल्ड' आहे, १९८३ ते २०१५ या काळातल्या ४१ कादंबऱ्या, आकडा ऐकून घाबरायला होतं पण त्यातल्या बऱ्याचशा स्वतंत्र वाचता येतात. तिथे पहिल्यापासून सुरू करा म्हणून आग्रह धरू नकोस, सरळ 'गार्ड्स! गार्ड्स!' दे, एका शहरातल्या रात्रपाळीच्या कंगाल पोलिसांची गोष्ट, त्यांच्या पुढ्यात एक ड्रॅगन येऊन पडतो. आणि टॉल्किनचं नाव कुणी काढलंच तर आधी 'द हॉबिट', १९३७ चं, मग पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. हे क्रम वगैरे यांवर फॅन लोकांचे वाद कधी संपत नाहीत, तू त्या वादात तुझ्या कट्ट्याला ओढू नकोस.

बोलायचं कसं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे गं. अर्धा तास नको. पाच मिनिटं, फार तर सात. राज्यं किती, जादूचे नियम काय, कुणाचा वंश कुठला, हे काहीच सांगू नकोस, हे सगळं आधीच ऐकलं की माणसाला आपण परीक्षेला बसलोय असं वाटायला लागतं. एक प्रसंग निवड, तो मराठीत तुझ्या शब्दांत सांग, आणि ऐन मोक्याच्या जागी थांब. किंवा पुस्तकामागची गोष्ट सांग. 'व्हील ऑफ टाइम'चंच घे, रॉबर्ट जॉर्डनने १९९० साली पहिला भाग काढला, २००७ साली तो गेला तेव्हा सिरीज अपुरी होती, पण आपण आता जगत नाही हे कळल्यावर त्याने शेवटापर्यंतची टिपणं करून ठेवली होती, काही भाग तोंडी सांगून ठेवले होते, आणि त्यावरून ब्रँडन सँडरसन या दुसऱ्याच, तरुण लेखकाने शेवटचे तीन भाग लिहून २०१३ साली ती पुरी केली. मरणाऱ्या माणसाने आपल्या वाचकांना शेवट मिळावा म्हणून एवढं केलं, हे तू कट्ट्यावर सांगितलं होतंस का? तुझ्या पत्रात हा भाग मी दोनदा वाचला. मला ती सिरीज वाचावीशी वाटली ती त्या एका परिच्छेदामुळे, जादूच्या वर्णनामुळे नाही.

आणि वाईट बाजू स्वतःहून सांगायची. स्लो आहे तर स्लो आहे, मारामारी आणि रक्तपात भरपूर आहे तर तसं, बलात्काराचे प्रसंग आहेत तर तेही आधी. हे सांगितल्याने पुस्तकाची किंमत कमी होत नाही, तुझ्या शब्दाची वाढते. 'गेम ऑफ थ्रोन्स' कुणाला सुचवताना हे सांगायलाच हवं की मूळ सिरीजचा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची अजून वाट बघणं चालू आहे, टीव्हीवरची मालिका २०१९ साली संपली पण ती पुस्तकांच्या पुढे निघून गेली होती. काही लोकांना अपुरं राहिलेलं चालतं, काहींना अजिबात नाही, त्यांना ठरवू दे.

पैशाचंही बघ. तिघींनी विकत घेतलं आणि पडून राहिलं, यातला थोडा राग त्या पडून राहिलेल्या पुस्तकाचाच असतो. यापुढे विकत घ्यायला लावूच नकोस. तुझी कॉपी फिरव, नाहीतर किंडलवर पहिली काही पानं फुकट वाचायला मिळतात तेवढी आधी वाचा म्हणून सांग, आणि मराठीसाठी तर आपल्या ठाण्यात १८९३ सालापासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तुमच्यापैकी एकीने वर्गणी भरली तरी कट्ट्याचं काम होईल. आणि पन्नास पानांचा नियम करा की सगळ्याजणी मिळून, पन्नास पानांनंतर सोडलं तर कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. बघ मग लोक किती धीटपणे वेगळं काहीतरी हातात घेतात ते.

'कोसला'बद्दल तुला टोचतंय ते बरोबरच टोचतंय. तू "छान आहे" म्हणालीस आणि तिथेच बोलणं संपलं. १९६३ साली ती कादंबरी आली तेव्हापासून तिच्यावर दोन तट आहेत, काहींचं आयुष्य तिने बदललं आणि काहींना तिचा नायक पांडुरंग सांगवीकरची बडबड सहन होत नाही, आणि या दोन्ही बाजूची माणसं एकमेकांशी तावातावाने बोलतात म्हणून तर ती अजून जिवंत आहे. पुढच्या वेळी तिला सांग, मी दीडशे पानांवर थांबले, मला गोष्ट पुढे सरकायची सवय आहे, इथे मला धरून ठेवणारं काही सापडेना, तुला कुठे सापडलं ते दाखव ना. यात वाईट आहे, बोअर आहे असा निकाल नाहीये, तू कुठे थांबलीस एवढंच आहे, आणि ती तुला एखादं पान उघडून दाखवेल. तू मनीच्या, म्हणजे पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, भागापर्यंत पोचली होतीस की नाही ते पत्रावरून कळलं नाही, नसशील तर माझा सल्ला आहे की तेवढं तरी वाच. नाहीच आवडलं तर नाही आवडलं. पण ज्या मैत्रिणीला तू खरं सांगशील तीच तुला पण खरं सांगेल, की तुझं पुस्तक मला इंग्रजीमुळे जड गेलं.

सासऱ्यांच्या बाबतीत एक मोह तुला नक्की होणार, तो टाळ. 'मृत्युंजय'मध्ये जन्मजात कवचकुंडलं आहेत, ऐन वेळी विद्या विसरशील असा शाप आहे, रथाचं चाक गिळणारी धरती आहे, तेव्हा बाबा तुम्हीही फँटसीच वाचताय असं त्यांना म्हणावंसं वाटेल. म्हणू नकोस. त्यांच्यासाठी कर्ण ही कल्पनेतली गोष्ट नाहीये, तो त्यांच्या आयुष्यातला माणूस आहे, आणि वादात जिंकून तुला काही मिळणार नाही. त्याऐवजी त्यांना तो काउंटरवरचा प्रश्न विचार. 'मृत्युंजय' सहाजणांच्या तोंडून सांगितलेली आहे, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. बाबांना यातला कुणाचा भाग सगळ्यात आवडतो? दरवर्षी वाचणाऱ्या माणसाकडे याचं उत्तर तयार असतं आणि आजवर घरात कुणी विचारलेलं नसतं, हे मी खात्रीने सांगते. ते शोण म्हणाले तर एक उत्तर, दुर्योधन म्हणाले तर दुसरंच. मग कधीतरी जेवताना सहज सांग, की माझ्या त्या 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पुस्तकांत पण असंच आहे बाबा, प्रत्येक प्रकरण एकेकाच्या नजरेतून, वर त्याचंच नाव, आणि ज्याला आपण कितीतरी पानं दुष्ट समजत असतो त्याच्या नजरेतून प्रकरण आलं की आपणच हलतो. एवढंच. वाचा म्हणू नकोस. त्यांनी कधी पुस्तक उचललं तर उचललं, नाहीतर संध्याकाळी बोलायला एक विषय तर झाला.

अशी पत्रं बरीच येतात, नवऱ्याने वाचावं म्हणून धडपडणाऱ्या बायकांची, खारघरच्या एका कॉलेजातल्या मुलाचं आलंय की मित्र फक्त सिनेमा बघतात आणि पुस्तकाचं नाव काढलं की उठून जातात. त्या सगळ्यांनाही माझं हेच सांगणं आहे की एका वेळी एकाच माणसाला, एकच पुस्तक. दहा नावांची यादी पाठवली की माणूस "थँक्यू, नक्की बघतो" म्हणतो आणि ती यादी व्हॉट्सअॅपमध्ये वर वर सरकत जाते. एकच नाव पाठवा आणि सोबत एक ओळ, की तू मागे अमुक म्हणाला होतास म्हणून मला हे आठवलं. मग त्याबद्दल परत विचारू नका. वाचलं की तो स्वतःहून सांगतो, आणि नाही वाचलं तर तुमच्या विचारण्याने तो वाचणार नसतोच, फक्त तुम्हाला टाळायला लागतो.

त्यावरूनच तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं. तुझ्या मनात दोन गोष्टी गुंतल्यात, तिने वाचलं नाही याचं वाईट वाटणं आणि पुस्तक परत न मिळाल्याचा राग. तू दर वेळी "वाचलंस का?" विचारतेस आणि ती दर वेळी "हो गं, चालू आहे" म्हणते, आणि ते चालू आहे म्हटल्यावर तुला परत मागता येत नाही, आणि वाचायचंय म्हटल्यावर तिला देता येत नाही. वाचलंस का हा प्रश्न आता बंद कर. सरळ फोन कर आणि म्हण, मला तो पहिला भाग हवाय, परत वाचायला घेतेय, शनिवारी तलावपाळीला भेटू आणि घेऊन ये. ती सुटकेचा श्वास सोडेल बघ. आणि भेटल्यावर पुस्तकाबद्दल चकार शब्द काढू नकोस, पर्समध्ये टाक आणि तिच्या नव्या नोकरीचं विचार.